ती पिल्लू नव्हती!

मंडळी, आज दुपारी जळगावच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकटीच मोठ्याने हसले.

खोल समुद्रातला, तांदळाच्या दाण्याएवढा, कोळंबीच्या नात्यातला एक जीव ही नवी प्रजाती आहे, असं मी तीन वर्षं मांडतेय. माझ्याकडे नमुना एकच होता, एका समुद्रमोहिमेत आणलेल्या गाळात सापडलेला. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांनी लिहिलं, "हे माहितीतल्याच प्रजातीचं पिल्लू असेल." महिनाभर घास गोड लागला नाही.

आज त्याच मोहिमेतल्या उरलेल्या गाळाची बाटली कुरिअरने आली. चाळता चाळता तसाच दुसरा जीव सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली उलटा केला, तर पोटाखालच्या पिशवीत सात अंडी! म्हणजे पूर्ण वाढलेली मादी. ज्या पायांच्या ठेवणीवरून मी नवी प्रजाती म्हणत होते, तीही अगदी पहिल्यासारखी.

लगेच एरंडोलजवळच्या गावी वडिलांना फोन लावला. नानांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. सगळं ऐकून अहिराणीत म्हणाले, "अंडा शेतस ना? मंग ती माय शे, पोर नही. इतलंच लिखी दे!"

तेच शुद्ध भाषेत लिहून, फोटो जोडून आत्ता पाठवलं. मग डबा उघडला आणि पोटभर जेवले.

जीव भांड्यात पडला की तुम्ही पहिला फोन कोणाला लावता?