चांदणीला पोट आलं

चांदणीची गोधडी शिवायची म्हणजे कापडाशी भांडण. शंकरपाळीच्या आकाराचे आठ तुकडे कापायचे आणि त्यांची टोकं मधोमध आणून जोडायची. बोलायला सोपं. पण शंकरपाळीची कड तिरप्या धाग्यावर येते, आम्ही शिवणारे तिला उरेब म्हणतो, आणि उरेब कापड नुसतं बोट लावलं तरी ताणतं. मशीनखाली जरा ओढलं गेलं की आठ टोकं जुळतात तिथं कापड फुगून वर येतं. याला म्हणायचं गोधडीला पोट येणं. इस्त्री फिरवा, वर पाटा ठेवा, ते काही बसत नाही. उसवावंच लागतं.

देवळाली प्रवऱ्यात माझं घर आहे आणि पोटापाण्याचा धंदा हाच. पाळण्यापुरती, एका माणसाची, डबल बेडची, म्हणाल त्या मापाची चांदणी शिवते. जुन्या सुती साड्यांची शिवते, खणाची शिवते, फाटक्या जीनच्या पँटींचीसुद्धा. जीन हट्टी असते पण ताणत नाही, म्हणून मला आवडते. जॉर्जेट घेऊन येणाऱ्या बाईला मी दारातूनच वाटेला लावते. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती बायका नाताळाच्या आधी लाल-पांढरी चांदणी मागतात, ती डोळे मिटून जमते. सगळ्यात अवघड गेली ती धाकट्या जावेच्या पोराची. तिचंच सांगायचंय.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको नगरच्या एका दवाखान्यात जाऊन आलो होतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घर रिकामंच होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमच्यात काही दोष नाही." मग त्याच्याकडे वळल्या. (नवऱ्याला तोंडावर 'अहो' म्हणते मी, पण लिहिताना 'तो'च लिहिणार. कुणाला पटत नसेल तर नसू दे.) परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरात कुणाला बोलू नको. वेळ आली की मीच सांगीन." मला मेलीला त्याची दया आली. म्हटलं, बरं.

पुढं जावेला मुलगा झाला. बाळाची पहिली गोधडी आजोबाच्या धोतराची, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी सासऱ्यांचं धोतर काढून दिलं. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं मलमल, आणि त्यात मी हौसेनं नव्या लाल सुती कापडाचे तुकडे एकाआड एक घातले. नवं कापड जागचं हललं नाही, धोतर मात्र लागलं ताणायला. ओसरीत गोधडी पसरून पाहिली तर मधोमध हे एवढं पोट.

बाळ बघायला शेजारच्या बायका आल्या होत्या. सासूबाईंनी गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बघा गं बायांनो, हिला न्हाई तर न्हाई, हिच्या गोधडीला तरी पोट आलं!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जावेनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते तिचे. नवरा दारात चपला काढत होता. तोही हसला. मोठ्यानं नाही, पण दात दिसले मला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. त्या बायकांचं मला काही वाटलं नाही, त्या बिचाऱ्या ऐकीव बोलतात. पण याला तर ठाऊक होतं ना!

चांदणी मी अख्खी उसवली. प्रत्येक तुकड्याखाली वर्तमानपत्राचा कागद टाचून ती पुन्हा शिवली आणि मग कागद फाडून काढला. अशी सपाट बसली की वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

बारशाला घर भरलं. पाळण्यात गोधडी अंथरायला मी पुढं झाले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "तू नगं. लेकुरवाळीच्या हातानं अंथरू दे."

सगळ्यांच्या देखत. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घुगऱ्यांचं ताट घेऊन उभा होता. म्हटलं, आता याहून कोणती वेळ यायची?

"अहो, सांगा ना."

"काय सांगू? आई म्हणती तसं कर. तमाशा नको."

"मग मीच सांगते. दोष माझ्यात नाही, यांच्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलंय."

पाळण्याची दोरी धरलेल्या बाईचा हात थांबला. नवऱ्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं, सरळ, आणि म्हणाला, "खोटं बोलती. डोकं फिरलंय तिचं."

"अगं बया, आपलं झाकायला नवऱ्याच्या नावानं बोंब!" कुणीतरी म्हणालं. जावेनं माझ्या हातातून गोधडी काढून घेतली आणि पाळण्यात अंथरली. मग पाळणा म्हणायला सुरुवात झाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मागोमाग सासूबाई आल्या आणि त्यांनी दार लोटलं. वाटलं, आता मारतात. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

"काय?"

"दवाखान्यातनं आलात त्याच दिशी त्यानं रडत सांगितलं मला."

"मग... त्या दिवशी बायकांपुढं तुम्ही..."

"मग काय करू? पोराकडं कुनी बोट दावावं व्हय? तुला बोललं की समद्यांचं ध्यान तुझ्याकडंच ऱ्हातं. बाप्याला असलं खपत न्हाई. तू काय, बाईमानूस, तुझ्या अंगावर खपून जातं."

त्यांनी पदर सारखा केला. पातेल्यावरचं झाकण उचलून आत पाहिलं.

"वरण घट झालंय. पानी घाल वाईच, पंगत बसायचीय."

आणि मी, तोंडाची एवढी फटकळ बाई, गुमान पाणी घातलं.