नसलेल्या वळणापाशी थांबलेली लाल गाडी

वार — दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम — फ्लॅटमागे पाचशे रुपये. हजर — आमच्या सोसायटीचे तीस-बत्तीस सभासद, चेअरमन तात्या, आणि लॅपटॉप घेऊन गेलेला मी. सुरुवात इथूनच करतो, कारण त्या मीटिंगमध्ये काय ठरलं हे आता कोणालाच आठवत नाही म्हणे.

मी अशा गोष्टी मानणारा माणूस नाही. चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचचं प्लॅनिंग बघतो. गाडी कधी निघाली, कुठे अडकली, का अडकली, हे विचारणं माझं काम, आणि उत्तर मिळेपर्यंत मी फोन ठेवत नाही. बायको, सुवर्णा, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मोठ्याने वाचायला लागली की मी चहा घेऊन गॅलरीत जायचो. आज मीच लिहितोय…

आम्ही मूळचे लातूरकडचे. कुरुळीला हायवेलगत आमची सोसायटी आहे. गेटमधून बाहेर पडलं की समोर हायवे आणि मधोमध दुभाजक. चाकणला जायचं तर सरळ उजवीकडे वळता येत नाही. आधी डावीकडे मोशीच्या दिशेने जायचं, पुढे यू-टर्न घ्यायचा, आणि पलीकडच्या बाजूने परत आपल्याच गेटसमोरून चाकणकडे. तीनेक किलोमीटरचा वळसा. लोक त्याला रोज शिव्या घालायचे.

मी घालत नव्हतो, आणि त्याचं कारण एक गेम. मुलगी मृणाल इंजिनीअरिंगला आहे. तिच्याकडे शहर वसवायचा गेम होता — आपण रस्ते आखायचे, घरं, कारखाने मांडायचे, की माणसं आपोआप राहायला येतात, कामाला जातात आणि ट्रॅफिक करतात. आधी मी तिची थट्टा केली. मग एका सुट्टीत हातात घेतला तो सुटेना. तिने मला जगातले चमत्कारिक चौक दाखवले. कुठे दोन्ही दिशांच्या गाड्या काही अंतर बाजूच बदलून घेतात, कुठे उजवं वळण चौक यायच्या आधीच उरकून टाकतात. दिसायला वेडगळ, पण ट्रॅफिक सुटतं. आमच्या गेटसमोरचा वळसाही त्यातलाच एक प्रकार निघाला. उजवं वळणच काढून टाकलं की कोणी कोणाला आडवं जात नाही.

मी आमचा सगळा पट्टा गेममध्ये मांडला. मृणालने हौसेने आमच्या बिल्डिंगच्या जागी एक घर ठेवून त्याला 'आपलं घर' असं नाव दिलं. दुभाजक फोडून पाहिला तर थोड्या वेळात मागे रांग लागली. बुजवला की सुरळीत. म्हणून त्या रविवारी लॅपटॉप घेऊन गेलो, कारण विषय होता गेटसमोरचा दुभाजक फोडायचा.

तात्या गावचे, या जमिनीचे मूळ मालक. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, ह्यातली मान्सं सकाळी दूध आणाया जात्यात का?"

"नाही."

"आमी जातो. म्हून आमाला वळसा परवडत न्हाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "पेट्रोल पण लॅपटॉपमध्येच भरतात वाटतं राव." हशा झाला.

"तात्या, हा हायवे आहे. परवानगी लागते."

"परवानगी मागाया गेलो तर तुमची पोरगी नांदाया जाईल तवर. जेसीबी घरचा हाय. डिझेल आन् पोरांचं चहापानी, बास."

मी पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की सुवर्णाने दिले. "यादीत आपलंच नाव कोरं राहिलं असतं," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये रोज त्यांच्याचसोबत उभं राहायचंय मला."

आठवडा संपायच्या आत दुभाजकाला भगदाड पडलं. वाकलेल्या सळ्या तशाच बाहेर, काँक्रीटचे तुकडे तिथेच. वळायला थांबलेले लोक गुटख्याच्या पिचकाऱ्या मारायचे, काहीजण रस्त्याकडे पाठ न करताच उरलेल्या झुडपांत लघवी उरकायचे. एक कुत्रं चिरडलं गेलं, ते कोणी उचललं नाही. त्याच्यावरून गाड्या जाऊन जाऊन त्याचा पापुद्रा झाला, आणि त्याच्या बाजूला उभे राहून आमचेच सभासद एकमेकांना सांगायचे की बघा, किती वेळ वाचला. मला किळस यायची. वासाची कमी, माणसांची जास्त.

त्याच सुमारास गेममध्ये ते सुरू झालं.

संध्याकाळी ऑफिसातून आलो, लॅपटॉप उघडला. चाकणकडे जाणाऱ्या बाजूला, आमच्या गेटसमोर, गाड्यांची रांग. माझ्या गेममधला दुभाजक अखंड होता, तिथे थांबायचं कोणालाच कारण नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं. रांगेच्या तोंडाशी दुभाजकाला खेटून एक छोटी लाल गाडी उभी. उजव्या वळणाची वाट बघत असल्यासारखी… पण तिथे वळणच नव्हतं. थोड्या वेळाने ती नाहीशी झाली आणि रांग सुटली. गेममधला दुसरा दिवस उजाडला आणि ती पुन्हा आली.

मी तिचा माग काढला. आमच्या गेटमधून निघायची, डावीकडे जायची, यू-टर्न घ्यायची, परत यायची आणि तिथे थांबायची. या गेममध्ये गाडीवर क्लिक केलं की ती कुठून कुठे चालली आहे ते दिसतं. तिच्यावर क्लिक केलं. कुठून — आपलं घर. कुठे — आपलं घर.

मृणालला दाखवलं. "बग असेल पप्पा," ती म्हणाली आणि तिने रस्ता पुसून नवा टाकला. गाडी आली. मग तिने ते घरच पाडलं. आम्ही दोघं बघत बसलो. रिकाम्या प्लॉटमधून लाल गाडी निघाली, वळसा घालून आली आणि त्याच ठिकाणी थांबली. क्लिक केलं तर नाव तेच.

मृणालने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "हे आईला नको सांगूस."

सुवर्णाची स्कूटर लाल आहे. ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, रोज जनरल शिफ्ट. मी भुताला भीत नव्हतो, पण त्या भगदाडाला भीत होतो, आणि गाडीचा अर्थ मी माझ्या अकलेने लावला — तिथून वळू नये. सुवर्णाला बसवून सांगितलं की तू त्या फटीतून जायचं नाहीस. वळशानेच जायचं.

"सगळे जातात."

"सगळे जाऊ देत."

"पाचशे रुपये दिलेत मी त्याचे."

"बुडाले समज."

ती हसली आणि ऐकलंही. रोज डावीकडे जायची, यू-टर्न घ्यायची, गेटसमोरून पलीकडच्या बाजूने चाकणला. गॅलरीतून ती पलीकडून जाताना दिसायची, आणि मला वाटायचं, चला, एक माणूस तरी रीतसर चाललंय.

तो दिवस साधा कामाचा होता. सकाळची वेळ. ती घरून निघाली, वळसा घालून परतली आणि आमच्या गेटसमोर आल्यावर तिच्या लक्षात आलं की कंपनीचं आयकार्ड घरी राहिलंय. आयकार्ड नसेल तर त्यांच्याकडे गेटवर अर्धा दिवस लावतात. पुढे जाऊन परत यायचं म्हणजे उशीर. उजवीकडे फट होती, समोर घर होतं. तिने इंडिकेटर दिला आणि दुभाजकाला खेटून थांबली. मागून आलेल्या पिकअपला ती दिसली, पण वेळेत नाही.

घरून निघाली होती आणि घरीच चालली होती.

मी खाली पोचलो तोवर घोळका जमला होता. पाच-सहा मोबाइल वर. एकजण तिच्या पायाचा फोटो काढत होता, आणि तोंडातला गुटखा सांडू नये म्हणून हनुवटी वर करून. समोरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी एकट्याने तिला रिक्षात घेतलं होतं. मला म्हणाले, "भाऊ, भाभीची चुकी नाही. इंडिकेटर देके रुकी थी. मैंने खुद देखा."

पाय दोन ठिकाणी मोडला, कमरेला मार. जीव वाचला. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसवली.

त्याच दुपारी, ऑपरेशन चालू असतानाच, हॉस्पिटलमध्ये तात्यांचा फोन आला. मला वाटलं, विचारपूस करतायत.

"वैनी बऱ्या हायेत ना? बरं. ते भगदाड बुजवलं बरं का आत्ता, मुरमाच्या गोण्या टाकून. पोलीस आलं तर म्हना, दुभाजक आधीपासनं तसाच व्हता. ग्रुपवरचे मेसेज आमी डिलीट केल्यात, तुमी पन करा."

"तात्या, तिची अजून शस्त्रक्रिया चालू आहे."

"व्हय, म्हून तर म्हनतो. आत्ताच करून टाका, मागनं इसरून जाईल."

मी फोन कट केला.

पोलिसांना जबाबात मी दुभाजक कोणी आणि कसा फोडला ते सगळं सांगितलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघतात. गेममधल्या गाडीची गोष्टही कुठून तरी पसरली. कोणी म्हणतं, यांना आधी माहीत होतं, मग बायकोला का जाऊ दिलं. कोणी म्हणतं, गेममध्ये करणी केली. मीटिंगमध्ये हसलेले तेच लोक. त्यांना काय उत्तर देणार… ती गाडी मला नेमकं काय सांगत होती आणि मी काय समजलो, हे मला रोज आठवतं. वळसा घे, असं मीच तिला सांगितलं होतं.

मृणालने तो गेम तिच्या खेळणाऱ्या मित्रांना पाठवला. त्यांनी सगळं तपासलं. म्हणाले, अडकलेल्या गाड्या होतात कधी कधी, पण पाडलेल्या घरातून कोणी निघत नाही. आणि त्यांना ती लाल गाडी दिसलीच नाही. मीही अपघातानंतर एकदाच उघडून पाहिलं. रस्ता मोकळा होता.

सुवर्णा वॉकरवर आली तेव्हा म्हणाली, "तिथे शांती करून घ्या."

"तू पण?"

"तुम्हाला पटत नाही, माहितीये मला. पण पाय बरा झाला की मला रोज तिथूनच जायचंय. तुम्ही कंपनीच्या बसमध्ये असता."

मी गुरुजींना फोन लावला.

गुरुवारी सकाळी गेटबाहेर, हायवेच्या कडेला पाट मांडला. समोर भगदाडातल्या गोण्या फाटून मुरूम सांडला होता, त्यावर पुन्हा पिचकाऱ्या. तात्या पांढरा शर्ट घालून हात जोडून आले, कोणी बोलावलं नसताना. गुरुजींनी संकल्प सोडताना विचारलं, "यजमान, निमित्त काय सांगू?"

"अपघात म्हना," तात्या म्हणाले.

मी म्हणालो, "माहीत नाही म्हणा."

गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि निमित्त न घेताच पुढचे मंत्र म्हटले. दक्षिणा एकवीसशे रुपये, रोख. गुरुजींना. मी दिली.