साडूभाऊ आणि नानांची फिटिंग

लोकांनी ‘नको’ म्हटल्यावर पुढे काय करायचं, हे माझ्या साडूंना जेवढं कळतं तेवढं धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. ते धुळ्याचे, लायसन असलेले वायरमन, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, आणि माझं ऐकून आता आमच्याकडे लहानथोर सगळेच त्यांना साडूभाऊ म्हणतात. ज्यांचे ते काका लागतात तेसुद्धा. वायरमनच्या नशिबी नकार फार. माणूस बोलावतो पंखा दुरुस्त करायला, आणि हे बोर्ड उघडून सांगतात की पंख्याला काही झालेलं नाही, घराची वायर संपली आहे. असं कोणाला ऐकावंसं वाटेल? नेमका तेव्हाच भिंतींना रंग दिलेला असतो, घरात साखरपुडा असतो, आणि शेजारच्यांकडे याहून वाईट वायर असून ते सगळे ठणठणीत असतात. साडूभाऊ हे सगळं मान हलवत ऐकतात. त्यांचा आवाज चढलेला मी आजवर ऐकलेला नाही.

दुसरे लोक जिथे पेन ठेवतात तिथे ते टेस्टर ठेवतात. आमच्या बँकेत एकदा फॉर्मवर सही करायला त्यांनी तोच काढला होता आणि बराच वेळ कागदावर का उमटत नाही म्हणून बघत बसले होते. लग्नाला गेले की मंडपात शिरताच वर बघतात. यजमानांना वाटतं, पाहुण्यांना झुंबर आवडलं. चाळीसगावच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना स्टेजमागे एक उघडा जोड दिसला. खिशात काळी टेप होतीच. त्या लग्नाच्या अल्बममध्ये वधूवरांच्या मागे, प्रत्येक फोटोत, साडूभाऊंची पाठ आहे.

गिऱ्हाईक नकोच म्हणालं तर त्यांचं ठरलेलं आहे. धुळ्यात एका आइस्क्रीमवाल्याला दुसरा फ्रीजर बसवून हवा होता, पण वायरिंग बदलायला तो तयार नव्हता. साडूभाऊ त्याला म्हणाले, “या वायरवर नवा फ्रीजर मी जोडणार नाही. हाताला लागेल असा उघडा जोडही मी सोडून जाणार नाही. बाकी दुकान तुमचं.” मग त्यांनी उघडे जोड झाकले, एका कागदावर ठळक अक्षरांत काय काय धोक्याचं आहे ते लिहिलं, खाली ‘मालकांना सांगितलं, मालक नको म्हणाले’ असं लिहून त्याची सही घेतली आणि तो कागद मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवला. त्या माणसाला रोज सकाळी बोर्ड उघडला की स्वतःची सही वाचावी लागे. पाचव्या महिन्यात त्याने आपणहून फोन केला.

पण खरी परीक्षा झाली ती सासुरवाडीत. आमचे सासरे, नाना, चाळीसगावच्या अलीकडे एका खेड्यात राहायचे. गावात वीज आली त्या वर्षी नानांनी घरातली फिटिंग स्वतःच्या हाताने केली होती. लाकडी पट्ट्यांवर वायर, दर वितीवर एक खिळा, सगळं ओळंब्यात. ते काम इतकं देखणं होतं की आजूबाजूचे लोक तेव्हा बघायला आले होते म्हणे. पुढे पुढे मात्र अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, फ्रीज उघडण्याआधी पायात चप्पल घालायच्या. फ्रीजसाठी वेगळी चप्पल होती. घरात कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं; देवघरात चप्पल काढतात, फ्रीजपाशी घालतात, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

एका साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे जमलो होतो. दोघी बहिणी माहेरी, आणि त्यांच्या मागून आम्ही दोघे जावई. ऊन असं की गोठ्याच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. मी मोठ्या हौसेने जळगावहून पत्र्याचा भलाथोरला कूलर नेला होता. साडूभाऊंनी कूलर पाहिला, भिंतीवरचं बटण पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “पत्र्याची बॉडी, आत पाणी, आणि घराला अर्थिंग नाही. हा इथे लावू नका.”

हे नानांनी ऐकलं.

“मी सोता करेल शे ही फिटिंग,” ते म्हणाले. “चाळीस वरीसमा कोणले काही झायं नही.”

“काम सुंदर आहे नाना,” साडूभाऊ म्हणाले. “पण वायर म्हातारी झाली. मी बदलून देतो.”

“तुम्हीन जवाई शेतस. आखाजीले जवाईले शिडीवर चढावसू का मी?”

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. कूलर ओसरीत उभा राहिला आणि मी मनातून साडूभाऊंवर जरा रागावलो. जावयाने आणलेली वस्तू अशी धूळ खात पडलेली कोणाला आवडते?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ चाळीसगावला जाऊन एक लहानशी डबी घेऊन आले. वीज कुठे गळत असेल तर ही डबी आपोआप सगळं बंद करते, असं त्यांनी नानांना समजावलं. मग म्हणाले, “या घराचे वायरमन तुम्ही. तुम्हीच बसवा. मी स्टूल धरतो.”

नानांनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. नकार द्यायला त्यांना जागाच उरली नव्हती. साडूभाऊंनी मेन बंद केला, तीनदा टेस्टर लावून पाहिला आणि पेचकस नानांच्या हातात दिला. नानांचे हात थरथरत होते. एकेक स्क्रू बसायला पाच पाच मिनिटं लागत होती. साडूभाऊ नुसते उभे होते. शेवटी “जरा बघू” म्हणत त्यांनी हळूच सगळे स्क्रू पक्के केले, पण नानांची नजर दुसरीकडे असताना.

मेन चालू केला आणि डबीचा खटका खट् करून खाली पडला, घरातली वीज गेली. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

“डबी खराब शे,” नाना म्हणाले.

“असेल,” साडूभाऊ म्हणाले. “सगळे फ्यूज काढून बघा.”

नानांनी सगळे फ्यूज काढले. डबी टिकली. मग एकेक फ्यूज परत घालत गेले. पुढच्या खोलीचा घातला, टिकली. फ्रीजची पिन काढून स्वयंपाकघराचा घातला, टिकली. गोठ्याचा घातला आणि खट्.

आम्ही सगळे गोठ्यात गेलो. बल्बची वायर पत्र्याच्या कडेवरून गेली होती आणि तिथे तिचं वरचं आवरण झिजून तांबं पत्र्याला टेकलं होतं. पत्रा लोखंडी खांबावर, आणि त्याच खांबाला लागून म्हशीचा पाण्याचा हौद. नाना तिथेच थांबले. त्यांची म्हैस दोन वर्षांपासून त्या हौदावर पाणी पीत नव्हती. तोंड लावायची आणि मागे सरायची. नानांनी तिला हट्टी ठरवलं होतं. ओढलं होतं, काठीही दाखवली होती, आणि शेवटी अक्का रोज बादलीने पाणी देत होत्या.

नानांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

“दोन वरीस मी हिलेच बोलत ऱ्हायनू,” ते म्हणाले. मग साडूभाऊंकडे न बघताच म्हणाले, “आते बठ्ठंच बदलनं पडी का?”

“सगळंच. पण तुम्ही म्हणाल तसं,” साडूभाऊ म्हणाले.

त्या दुपारी ओट्यावर बसलो असताना मी त्यांना विचारलं, इतका धीर तुम्हाला येतो कुठून? आधी ते टाळत होते. मग म्हणाले, “नवीन होतो तेव्हा धुळ्यात एका घरी भांडलो. वायर बदला म्हणालो, ते नको म्हणाले, मी पिशवी उचलून तडक निघालो. न्हाणीघरातला जोड तसाच उघडा ठेवून. आठ दिवसांनी त्या घरच्या बाईचा हात भाजला. वाचली ती, पण बोटं मिटत नाहीत अजून.” पुढे ते म्हणाले, “माझं म्हणणं खरंच होतं. पण त्या बाईला त्याचा काय उपयोग झाला?”

नव्या फिटिंगला सहा दिवस लागले. शिडीवर साडूभाऊच चढले, पण नाना खाली खुर्ची टाकून बसले आणि बटण किती उंचीवर हवं, वायर कोणत्या कोपऱ्यातून जावी, ते सांगत राहिले. अर्थिंगसाठीचा खड्डा परसात कुठे घ्यायचा ते त्यांनीच दाखवलं. पुढच्या खोलीतल्या एका भिंतीवरची जुनी पट्टी साडूभाऊंनी काढली नाही. तिच्यातली वीज तोडली आणि पट्टी तशीच राहू दिली. कूलर सातव्या दिवशी लागला. म्हैस हौदावर यायला मात्र महिनाभर लागला. तिचा विश्वास परत मिळवायचं काम नानांनी एकट्याने केलं.

नाना जाऊन आता तीन वर्षं झाली. आम्ही अजून आखाजीला जातो. नवा पाहुणा आला की अक्का त्याला घरभर फिरवतात, एकेक बटण चालू-बंद करून दाखवतात आणि सांगतात की ही सगळी फिटिंग आमच्या ह्यांनी म्हातारपणी स्वतः केली, जावयांनी फक्त स्टूल धरलं. अशा वेळी मी साडूभाऊंकडे बघतो. वाटतं, एवढं तरी सांगावं की शिडीवर कोण होतं.

साडूभाऊ चहाचा कप खाली ठेवतात. “हो,” ते पाहुण्याला म्हणतात. “हात फार सरळ होता नानांचा.”