मागची चाकं उडायची तेव्हा

माझं माहेर पेण. घरात गणपतीच्या मूर्तींचं काम. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा आम्ही दोघंही सारखेच अबोल. हे शिफ्ट करून यायचे, जेवायचे, घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

मग यांनी एक जुनी गाडी घेऊन तिच्यात मोठं इंजिन बसवलं. सरळ रस्त्यावर कोण पुढं सुटतं याची शर्यत असते, तिथं न्यायची होती. तेव्हापासून हे बोलायला लागले. मला सगळं कळायचं नाही, पण भाकरी थापता थापता मी ऐकायची. बरं वाटायचं.

गाडीला एकच खोड होती. रेस देऊन क्लच सोडला की मागची चाकं रस्ता धरायची नाहीत, जागीच दणादणा उडायची. त्यात मागची चाकं फिरवणारा एक एक्सल तुटला. दुसरा भंगारवाल्यांकडे हिंडून मिळवला. "हापण तुटला तर गाडी विकून टाकीन," हे म्हणाले. मला वेगळीच काळजी लागली. गाडी गेली तर हे पुन्हा गप्प होतील.

तेवढ्यात बाबा पेणहून आले. त्यांनी मूर्ती नेणाऱ्या टेम्पोचा उपाय सांगितला. चाकांतली थोडी हवा सोडायची आणि मागे पोती टाकायची. "जावईबापू, खाली मऊ पायजे नि वर वजन. आमचा एक गणपती नाय फुटला आजवर."

यांनी हवा सोडली, डिकीत भाताची पोती टाकली. निडी गावापुढच्या मोकळ्या रस्त्यावर मला बाबांबरोबर कडेला उभं केलं. "चाकाकडं बघ गो. मला आतनं दिसत नाय."

गाडी आधीपेक्षा जास्त उडाली. यांनी लगेच पाय काढला म्हणून एक्सल वाचला. डिकी उघडली तर एक पोतं फुटून सगळीकडे भात.

"फुटला ना गणपती?" हे बाबांना म्हणाले.

"पोत्यावर निभावलं," बाबा हसू दाबत म्हणाले.

बाबांसमोर मी यांच्याशी बोलत नसे. घरी बाबा अंघोळीला गेल्यावर यांना जेवायला वाढता वाढता सांगितलं, "चाक आधी पुढं ओढलं जातं, मग मागं येतं, मग उडतं. टायरपण मुरगळतो."

हे घास ठेवून उठले आणि गाडीखाली शिरले. एक्सल धरून ठेवणारे दांडे ज्या रबरी बुशांत बसतात, ते रबर ढिलं झालं होतं. पहार लावली की दांडा सरकायचा. मूर्ती सावकाश न्यायची असते, तिला मऊ लागतं. या गाडीला घट्ट हवं होतं.

लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश करून घेतले, शॉकअप कडक टाकले, हवा पुन्हा भरली. त्याच रस्त्यावर हे म्हणाले, "आता आत बस."

क्लच सुटला. माझी पाठ सीटला चिकटली. खालून दणका काही आला नाही, गाडी सरळ निघाली. यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

बाबा तोवर पेणला परतले होते, तसेच त्यांना सांगायला निघालो. कडक बुशांमुळे रस्त्यातला खडान्‌खडा अंगाला कळत होता, पत्रा एवढा वाजत होता की हळू बोललेलं ऐकूच येईना. नागोठण्यापर्यंत मी गप्प. मग यांनी काहीतरी विचारलं आणि मला ओरडून सांगावं लागलं. तिथून पुढं आम्ही दोघं ओरडतच बोलत होतो.

गाडी दारात थांबली तरी आवाज खाली आले नव्हते. बाबा मातीचे हात घेऊन बाहेर आले.

"काय गो, भांडत आलात?"