भाऊंची शाळा, भाऊंची झाडं

माझी माय दळण घेऊन गिरणीत गेली की पीठ डब्यात पडेपर्यंत तिथून हलायची नाही. शिंप्याकडे झंपर शिवायला टाकलं की उरलेली चिंधीसुद्धा मागून आणायची. कुणी गोड बोललं तर ती आधी त्याच्या हाताकडे बघायची. आमच्या घरी कुणी उगीच स्तुती करून गेलं की दार लोटून ती म्हणायची, "इतलं गोड बोलना, मंग काहीतरी शे." म्हणजे, याच्या पोटात काहीतरी आहे. नाना, म्हणजे माझे वडील, अगदी उलटे. त्यांचा सगळ्यांवर विश्वास, आणि सगळ्यांत जास्त आमच्या आमदारांवर.

आमदारांना सगळा तालुका भाऊ म्हणायचा. आमचं गाव एरंडोलपासून बरंच आत, कापसाच्या शेतांमध्ये दडलेलं. तिथवर जीप घेऊन येणारे भाऊ हे पहिलेच आमदार. निवडणुकीत नाना त्यांच्या जीपमध्ये मागच्या बाजूला उभे राहून घोषणा द्यायचे आणि घसा बसवून घरी यायचे. माय त्यांना हळद घातलेलं गरम दूध द्यायची आणि विचारायची, "घसा तुमना बसना, खुर्चीवर कोण बसना?"

पण भाऊंनी काम केलं नव्हतं असं नाही, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं एकच मास्तर चार वर्ग सांभाळायचे. भाऊंनी विधानसभेत त्याबद्दल प्रश्न विचारला आणि खरोखरच दोन मास्तर आणि एक बाई आल्या. सातवीपर्यंतचे वर्ग त्यांच्याच काळात झाले. मी चौथीत होते तेव्हा, ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, सामाजिक वनीकरणाची योजना आली. गावाच्या उगवतीला गुरं चरायचं गायरान होतं, नुसतं दगड आणि कुसळं. तिथे झाडं लावायची ठरली. भाऊ आले, त्यांनी पहिलं रोप लावलं, आम्हा शाळकरी पोरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. "झाडं ही तुमची भावंडं," असं ते म्हणाले. मला ते फार आवडलं होतं. मायला विचारलं तर म्हणाली, "भावंडास्ले पानी कोण घाली?"

पाणी तिनेच घातलं. तिने आणि गावातल्या दहा-बारा बायांनी. खालच्या विहिरीवरून हंड्याने पाणी न्यायचं, रोपाभोवती बाभळीच्या काट्या रोवायच्या, शेळ्या हाकलायच्या. योजनेची मजुरी मिळायची, त्यासाठीच त्या जात होत्या. पण मजुरीचं काम संपल्यावरही माय जायची. माझ्या काकांच्या शेळ्या एकदा आत शिरल्या, तर तिने सख्ख्या दिराशी असं भांडण काढलं की पोळ्यापर्यंत दोन घरांत बोलणं नव्हतं. सुबाभूळ भराभर वाढली. कडुनिंब सावकाश आले, पण आले. मी सातवीत गेले तेव्हा त्या रानात दुपारी सावली पडायला लागली होती आणि बाया तिथे बसून शेंगा फोडायच्या.

सातवीचं ते वर्ष माझ्यासाठी धास्तीचं होतं. आमच्या गावची मुलगी सातवीनंतर घरी बसायची. मुलं सायकलने एरंडोलला जायची. मुलींना कुणी पाठवायचं नाही, आणि पावसाळ्यात नाला भरला की मुलांचीही शाळा बुडायची. माझ्यापुढच्या वर्गातल्या दोघींची लग्नं ठरली होती. शाळेतल्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की तुझं डोकं चांगलं आहे, थांबू नकोस. थांबू नको म्हणजे जाऊ कुठे, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

अशा वेळी नाना एका संध्याकाळी धावतच घरी आले. "गावात हायस्कूल येतंय! भाऊंनी मंजुरी आणली. आठवी जूनपासून सुरू."

मी चुलीपुढून उठून उभीच राहिले. मायने भाकरी उलटली आणि विचारलं, "बांधतीन कोठे?"

"गायरानावर."

"तठे झाडं शेतस."

"झाडं काय, परत लावता येतील," नाना म्हणाले. "पोरगी शिकेल ना तुझी."

 मायची भाकर करपली, असं एरवी कधी व्हायचं नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊ गावात आले. मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली होती. बाया मागे भिंतीकडेला, मीही त्यांच्यातच, मायच्या पाठीला चिकटून. भाऊ छान बोलायचे. थोडं पुस्तकी, थोडं आपल्या बोलीत. लेकी शिकल्या तर घर शिकतं, असं ते म्हणाले. गायरानाचा रस्त्याकडचा तुकडा शाळेला लागेल, तिथली झाडं काढावी लागतील, त्याच्या दुप्पट दुसरीकडे लावू, असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि माझ्या पुढची पाठ हलली. माय उभी राहिली होती.

"भाऊ, एक इचारू?"

"विचारा ना अक्का."

"शाया कोनी शे?" म्हणजे, शाळा कुणाची आहे.

भाऊ हसले. "अहो, तुमनीच शे."

"आमनी म्हणजे कोनी? जिल्हा परिषदनी, का कोनी संस्थानी?"

 आमच्या भागात तेव्हा संस्थांचं पीक आलं होतं. कुणीही पुढारी उठावा, चार नातेवाईक जमवून संस्था काढावी, सरकारी जमीन मिळवावी, वर विनाअनुदान शाळेची परवानगी. मास्तर म्हणून लागायचं तर संस्थाचालकाला काय काय द्यावं लागतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण पारावर कुणी बोलत नव्हतं.

"अक्का, शाळा शाळाच असते," भाऊ म्हणाले. "पोरींना अक्षर शिकवायचं, ते कुणाच्या का नावाने होईना."

"मंग नाव सांगाले काय हरकत?"

"ते कागदोपत्री अजून चाललंय."

"मंग कागद व्हवू द्या," माय म्हणाली. "शाया सरकारनी व्हई, तर मी सवता झाड तोडसू. दुसरानी व्हई, तर गावनी जमीन काबर?" गावची जमीन कशाला, एवढं विचारून ती खाली बसली.

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या मेहुण्याकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं. तेरा वर्षांची असले तरी मी त्याच मायची पोर होते. मला त्या क्षणी कळलं की तिचा प्रश्न बरोबर जागी लागला आहे, आणि त्याच क्षणी मला तिचा भयंकर राग आला.

पुढचे महिने आमच्या घरात कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. गावात कुजबुज सुरू झाली की हिला हा प्रश्न शिकवला कुणी? विरोधी पार्टीचा माणूस बाजारात हिच्याशी बोलताना दिसला म्हणे. नानांनीही एकदा विचारलं, "खरं सांग, कुणी सांगितलं तुला?" ती त्यांच्या ताटात भाजी वाढता वाढता थांबली. माझा संशय वेगळाच होता. मला वाटायचं, हिला मी शिकायलाच नको आहे. घरात हाताखाली पोरगी हवी आहे, आणि झाडांचं निमित्त आहे. मी तिला तसं तोंडावर म्हणालेही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू बी संशय करस? चांगलं शे. पन मावर नको करू."

एप्रिलमध्ये एक ट्रॅक्टर आणि करवतवाले आले. कुणी पाठवले ते कुणी सांगेना. बाया विहिरीवरून थेट गायरानात गेल्या आणि झाडांखाली बसल्या. आरडाओरडा काही झाला नाही. त्यांनी तिथेच शेंगा फोडायला घेतल्या. करवतवाले दुपारभर ट्रॅक्टरच्या सावलीत बसले, बायांनी त्यांना पाणी दिलं, आणि ऊन उतरल्यावर ते निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही.

आणि जूनमध्ये शाळाही आली नाही. हायस्कूल शेजारच्या गावात गेलं. तिथल्या ग्रामपंचायतीने काहीही न विचारता जमीन दिली होती. पत्र्याच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या. वर पाटी लागली, तिच्यावर संस्थेला भाऊंच्या वडिलांचं नाव, आणि अध्यक्ष म्हणून पारावर बसलेल्या त्या मेहुण्याचं. नाना पाटी बघून आले. घरी आल्यावर बराच वेळ त्यांनी पायातल्या चपला काढल्या नाहीत.

"सांग ना," माय म्हणाली, "कोनी शे?"

"तुला माहीत आहे ना, मग कशाला विचारतेस," नाना म्हणाले. भाऊंवर ते चिडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो राग त्यांनी काढला मायवर. "तुझं खरं झालं. आणि पोरगी घरी बसली. घे आता."

 दोन दिवसांनी मायने माझे कपडे पिशवीत भरले आणि मला भुसावळला मावशीकडे घेऊन गेली. मावशीचे यजमान रेल्वेत होते, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथल्या हायस्कूलमध्ये वर्ग भरले होते. मुख्याध्यापक म्हणाले, जागा नाही. माय दारातच बसून राहिली, तरी नाही म्हणजे नाही. आम्ही परत फिरलो. पण आठवड्याभरात त्याच शाळेतून मावशीकडे निरोप आला, मुलीला पाठवा.

नाना म्हणाले, "भाऊंनी फोन केला असणार. मी त्यांच्या कानावर घातलं होतं."

मायने हातातलं काम ठेवलं. "काबर घातलं?"

"पोरीसाठी घातलं. एवढा मनाचा मोठा माणूस आहे."

"मनना मोठा नई. आपलं तोंड बंद करी ऱ्हायना. मिंधं करी ऱ्हायना आपले." तिला खरंच राग आला होता. पण तिने मला परत बोलावलं नाही. त्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. फोन खरंच भाऊंनी केला होता, की एखादी मुलगी गळाल्यामुळे जागा झाली होती, ते मला कधीच कळलं नाही. मुख्याध्यापकांना विचारायचं धाडस मी तीन वर्षं केलं नाही. ते वऱ्हांड्यात माझ्याकडे बघून हसले की मला वाटायचं, यांना काहीतरी माहीत आहे.

मी नववीत असताना नाना भुसावळला आले ते वर्तमानपत्राची घडी काखेत घेऊन. त्यांचा भाऊंवरचा राग केव्हाच निवळला होता. वृक्षतोडीवर विधानसभेत चर्चा झाली होती आणि त्यात भाऊ बोलले होते. माझ्या मतदारसंघातल्या एका खेड्यात भगिनींनी झाडांखाली ठाण मांडून गायरान वाचवलं, अशी जागृती आम्ही गेली काही वर्षं करत आलो आहोत, असं त्या बातमीत होतं. त्याच भाषणात त्यांनी ग्रामीण मुलींसाठी उघडलेल्या नव्या हायस्कूलचाही उल्लेख केला होता.

नानांनी ते मोठ्याने, अभिमानाने वाचून दाखवलं. "बघ, तुझ्या मायचं नाव विधानसभेत गेलं."

"नाव कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं. नाव नव्हतं.

सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला ती बातमी सांगितली. मला वाटलं ती भडकेल. ती कपाशीत निंदत होती. विळा थांबवून तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाडे लावाले बी तोच, तोडाले बी तोच, वाचाडाले बी तोच. मंग आमी कोठे व्हतूत?" आणि पुढच्या ओळीला लागली. मला मात्र त्या दिवसापासून भाऊंच्या कामांची यादी कुठेही ऐकली की वाटत राहतं, यातलं प्रत्येक काम खरं असेल आणि तरीही खरं काहीतरी वेगळंच घडलं असेल.

कारण शेजारगावचं हायस्कूल वाईट नव्हतं. माझी धाकटी बहीण तिथेच शिकली. तिला तिथे पाठवायचं मायनेच ठरवलं. नाल्यावर तोवर फरशीचा ठेंगणा पूल झाला होता, मुलींचा घोळका पायी जायचा. बहीण घरी आली की मायची तपासणी सुरू व्हायची. आज काय शिकवलं? कोणत्या मास्तरने? विटा उचलायला लावल्या का? कशाची वर्गणी मागितली? बहीण रडकुंडीला यायची. एकदा खरंच मुलींना विटा उचलायला लावल्या होत्या. माय दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. पुन्हा तसं झालं नाही.

आणि गायरान वाचलं, तेही पूर्ण नाही. सुबाभूळ पुढे ग्रामपंचायतीनेच लिलावात काढली. तेव्हा बायांना कुणी विचारलं नाही, आणि माय तेव्हा तापाने अंथरुणावर होती. कडुनिंब राहिले.

नव्वदनंतरची गोष्ट. मी धुळ्याला डी.एड. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. बहिणीच्या हायस्कूलमध्ये पालकांची सभा होती, भाऊ येणार होते. माय निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. भाऊंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मायला लांबूनच ओळखलं आणि उठून उभे राहिले. "या अक्का, पुढे बसा." कुणीतरी खुर्ची दिली. माय खुर्चीवर बसली नाही, बायांमध्ये जाऊन सतरंजीवर बसली.

भाऊंचं भाषण झालं. कुणाला काही विचारायचं आहे का, म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि सगळ्या माना मायकडे वळल्या. ती उठली.

"पोरीस्ना संडासले दार नई शे," ती म्हणाली. "वरीस व्हयनं."

मुख्याध्यापक खाली बघायला लागले. भाऊ हसले नाहीत. "खरं आहे का हे?" त्यांनी मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर विचारलं. मग मायला म्हणाले, "बसवतो अक्का."

आठ-दहा दिवसांतच दार बसलं. चांगलं जाड लाकडाचं, आतून कडी असलेलं. नाना म्हणाले, "बघ. शब्दाचा पक्का आहे माणूस."

"इलेक्शन जोडे उनी व्हई," माय म्हणाली. निवडणूक जवळ आली असेल.

ती खरंच जवळ आली होती. दारावर ठळक निळ्या अक्षरांत आमदार निधीतून, असं लिहून खाली भाऊंचं पूर्ण नाव रंगवलं होतं. बहिणीच्या वर्गातल्या मुलींनी कर्कटकाच्या टोकाने ते हळूहळू खरवडून काढलं, रोज एक-दोन अक्षरं. दार मात्र त्यांनी जपलं. बिजागरीला तेल घालायला त्या घरून पाळीपाळीने बाटलीत गोडेतेल न्यायच्या, आणि आमच्या घरची पाळी आली की माय तेल स्वतः ओतून द्यायची.