आचल पचारेची पाणी मोजणारी कंपनी

सावली या तालुक्याच्या गावापासून मोटारसायकलनं अर्धा तास आणि बिरजूच्या ऑटोनं, त्याच्या गप्पांसकट, दीड तास, असं ते गाव. गेल्या उन्हाळ्यात तिथं एक कंपनी निघाली. कंपनी म्हणजे शेळ्यांच्या कोठ्याला लागून एक खोली, एक टेबलफॅन, एक सोल्डरिंगची कांडी आणि आचल पचारे. मालकीण तीच, इंजिनिअर तीच, झाडू मारणारीही तीच. नाव ठेवलं ‘खवला’.

बिरजूनं पहिल्याच दिवशी खिडकीत तोंड घातलं. “काऊन व आचल, तुया कंपनीत कँटीन हाये का नाई?”

“हाये ना. मायच्या चुलीवर. भांडे घासाची तयारी असन तं ये.”

बिरजूचं तोंड खिडकीतून बाहेर.

आचल डिप्लोमा करून दोन वर्षं चंद्रपूरला पाणी तपासायच्या कामावर होती. गावोगावचे तलाव तिच्या टेबलावर बाटलीत बसून यायचे. ती मोजायची, अहवाल जायचा, आणि तो पोचेपर्यंत मासे खड्ड्यात पुरून झालेले असायचे. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातली पोर ती. पहाटे मासे पाण्यावर येऊन ‘आ’ करायला लागले, की पाण्यातला प्राणवायू संपला, हे तिला पाटीपेन्सिलीच्या आधीपासून ठाऊक. पण तेव्हा ठाऊक होऊन करायचं काय? म्हणून नोकरी सोडून तिनं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र जुळवलं. त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी नळी, नळीच्या तोंडाला कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिल्ली. पाण्यात सोडलं की आकडा दिसतो. पाचाच्या वर मासे मजेत. दोनाच्या खाली त्यांची आशा सोडा. किंमत एका बऱ्या जाळ्याएवढी.

गावात मात्र बातमी वेगळी. पोरगी रेडिओ बनवते, असं अर्धं गाव म्हणे. उरलेलं अर्धं बॉम्ब म्हणे. एकदा पाहुणे बघायला आले, तर हिनं नवरदेवाच्या हातात वायर देऊन बकेटीतलं पाणी मोजायला लावलं. तो चहा तसाच ठेवून गेला. मनकर्णाबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, तो चहा स्वतः पिऊन टाकला आणि म्हणाली, “ज्याले बकेट झेपत नाई, त्याले तू काय झेपशीन!”

श्रावणात परीक्षेचा दिवस आला. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष लटारूभाऊ यांनी सांगून ठेवलं होतं, की मोठ्या तलावात मासोळीचं बीज, म्हणजे पिशव्यांतून येणारी पिल्लं, सोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर यंत्र चाललं, तर संस्थेच्या अकरा तलावांना अकरा यंत्रं. नाही चाललं, तर आचलनं सोमवारी चंद्रपूरच्या जुन्या टेबलावर हजर व्हायचं. तसा तिकडून फोनही येऊन गेला होता.

लटारूभाऊ म्हणजे पाणी जिभेवर घेऊन तलावाची तब्येत सांगणारा माणूस. यंत्राकडे त्यांनी असं पाहिलं, जसं सासरे नव्या जावयाच्या गॉगलकडे पाहतात.

आचलनं घाटावरून नळी पाण्यात सोडली. आकडा आला शून्य पॉइंट चार.

“म्हंजे काय व?” लटारूभाऊंनी विचारलं.

आचलनं आकडा पुन्हा वाचला. “म्हंजे… पाण्यात मासा जिता राहू शकत नाई.”

तेवढ्यात समोर हातभर रोहू उसळला, पांढरं पोट दाखवून धपकन पडला.

“त्याले सांग ना कोणी,” लटारूभाऊ म्हणाले, “का बाप्पा, तू मेला म्हणून!”

काठ हसून लोळायला लागला. आचलनं नळी वर काढली, वळवून पाहिली, आणि तिला रडावं की हसावं कळेना. झिल्ली लालपिवळी. हळद, कुंकू, वर नारळाच्या पाण्याचा चिकटा.

“माय! तू याची पूजा केली का?”

“करीन नाई तं का!” मनकर्णाबाई काठावरून ठसक्यात म्हणाली. “घरातली पयली मशीन. गाडीच्या चाकाले लावते, मोटारपंपाले लावते. याचं तोंड कोणतं ते समजलं नाई, म्हणून दोन्हीकून लावलं.”

आता काठ बसूनच हसला. आचलनं खिशातलं पेन काढून डब्याच्या झाकणावर गोल आखला. “आतापासून इथी लाव. तिथी याचं नाक हाये.”

“मंग आता हे गेलं का नागपूरले?” लटारूभाऊंनी विचारलं. चार वर्षांआधी एका योजनेत विलायती यंत्र आलं होतं. बिघडलं, दुरुस्तीला नागपूरला गेलं, तिथून पुण्याला. त्याची तीर्थयात्रा अजून चालू आहे.

“कायले नागपूर?” आचलनं तिथंच मांडी घातली. टोपण फिरवलं, मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले, नवी झिल्ली काढली. पण रबराची कडी बसवताना झिल्लीला सुरकुती पडली. दुसरी घेतली, तीही गेली.

“सरक,” लटारूभाऊ म्हणाले. “जाळ्याची गाठ ओढतो तसं ओढा लागते.” पन्नास वर्षं जाळी विणलेला तो अंगठा एकदाच फिरला आणि झिल्ली ढोलकीसारखी ताणून बसली. “असं? येवढंच?” ते म्हणाले. मग काय, ज्याला त्याला करून पाहायचं होतं. भाऊंनी कोणाला हात लावू दिला नाही.

आचलनं नळी हवेत धरून आकडा जुळवला, पाण्यात सोडली. पाच पॉइंट सहा. मग लाकडी डोंग्यात बसून ती आणि लटारूभाऊ पलीकडच्या कोपऱ्यात गेले. तिथं कमळाच्या पानांची सावली, बगळ्यांची नजर पोचत नाही. बीज दरवर्षी तिथंच सोडायचे. आकडा आला एक पॉइंट तीन.

लटारूभाऊंनी पाणी जिभेवर घेतलं. बराच वेळ तोंड हलवत राहिले. “गोडच लागून राह्यलं,” ते हळूच म्हणाले. मग त्याहून हळू, “दरवर्षी अर्धं बीज कुठी जाते, आता समजलं.”

आणि ते उभे राहून काठाकडे ओरडले, “पिशव्या इकडं आणू नोका! घाटाजवळच सोडा!”

डोंगा घाटाजवळ आला आणि पिशव्या उघडल्या. बोटाएवढी पोरं पाण्यात चमकली आणि पसार झाली. आचलनं यंत्र मागायला हात पुढं केला. लटारूभाऊंनी ते गळ्यात अडकवून घेतलं होतं.

“भाऊ, हे एकच हाये माह्याकडं.”

“हाये ना एक? मंग अकरा कायले, दहाच बनव,” भाऊ म्हणाले, आणि दुसरा कोपरा मोजायला डोंगा वळवला, आचल आतच बसलेली असताना.