कमानीतल्या विटेवरची बोटं

माझे वडील, अण्णा, सोलापुरात गवंडी. आई घमेली वाहायची. ज्या इमारतीचं काम चालू, तिच्याच आवारात आमची पत्र्याची खोली. इमारत पुरी झाली की मालकाच्या नावाची संगमरवरी पाटी लागायची आणि आम्ही बिऱ्हाड उचलायचो. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आता व्हर्जिनियात, हर्नडनला नोकरी करते.

यंदा अण्णा आले. मॉल बघून कंटाळले. म्हणून शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून त्यांना स्टेजकोचच्या (उतारू आणि टपाल नेणाऱ्या घोडागाडीच्या) रस्त्यावरची जुनी सराई दाखवायला नेलं. धाटणी थेट इंग्लंडची: मधोमध घोडागाडी आत शिरेल एवढी कमान, आत फरसबंद चौक, वर चहूबाजूंनी लाकडी सज्जा, मागे तबेले.

आधी जेवलो. इथली खासियत शेंगदाण्याचं सूप.

"दाण्याची आमटीच की गं," अण्णा म्हणाले. "फक्त मिरची विसरलेत."

मग टूर. कमानीखालचा माहितीचा बोर्ड दाखवत गाइड बाई म्हणाल्या, "मूळ मालकाने ही सराई स्वतःच्या हातांनी उभी केली." मी अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी सवयीने भिंत वाजवून पाहिली, विटांवरून हात फिरवत गेले आणि थबकले.

"सर, हात लावू नका!"

माझं डोकंच फिरलं. जन्मभर भिंती उभारलेल्या माणसाला हे सांगता?

अण्णा मात्र शांत. "पोरी, विचार बाईंना, ही बोटं मालकाची का?" विटेत चार बोटं रुतलेली. "ओली वीट उचलली की उमटतात."

मी विचारलं. बाई अडखळल्या. "नाही, विटा त्यांच्या गुलामांनी पाडल्या."

"मग बोर्डावर ते का नाहीत?"

"जागा कमी असते हो."

"मालकाच्या चार घोड्यांची नावं बरी मावली!"

परतताना अण्णा म्हणाले, "जाऊ दे. पाटी मालकाचीच असते."

का जाऊ दे? घरी येताच त्या विटेचा फोटो जोडून सराईच्या ऑफिसला ईमेल केली. उत्तर गोडगोड आलं, झालं काहीच नाही. मग दर महिन्याला लिहीत राहिले. अण्णा सोलापूरला परत गेले, तरी लिहीत राहिले.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. कमानीखाली नवी पाटी लागली आहे: 'या विटा गुलाम कारागिरांनी पाडल्या, या भिंती त्यांनीच बांधल्या.' शेजारी त्या विटेकडे बाण आहे.